छत्तीस रुपयांत बसणारा डाएट चार्ट

मेतकूट | मंगळवार, रात्री १०:५०

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण दुपारपासून एक कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय आणि त्याचं काय करावं ते सुचत नाहीये.

मी आहारतज्ज्ञ आहे. आठवड्यातून दोन दिवस मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका दवाखान्यात बसते. गेल्या महिन्यात मानखुर्दच्या एक बाई आल्या होत्या. वय बत्तीस, हिमोग्लोबिन ८.१. तीन घरची धुणीभांडी करतात. जिना चढला की धाप लागते, वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी लोहाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं आणि आमचा नेहमीचा छापील तक्ता हातात दिला. सकाळी भिजवलेले चार बदाम, नाश्त्याला मोडाची उसळ किंवा दोन अंडी, जेवणात डाळ-पालेभाजी-कोशिंबीर, चार वाजता एक फळ, झोपताना कपभर दूध. तक्ता मीच केलेला आहे. खाली सफरचंदाचं चित्रही आहे.

आज त्या परत आल्या. हिमोग्लोबिन ८.०.

मी जरा वैतागूनच विचारलं, "ताई, यातलं काय काय केलंत?" त्यांनी पिशवीतून तोच कागद काढला, पालथा केला आणि माझ्यापुढे सरकवला. मागे मुलीच्या अक्षरात, पेन्सिलीने हिशेब होता. तसाच उतरवते:

जमा: आईचे ७,५००. पप्पांचे ११,२०० (नाक्यावर १६ दिवस काम लागलं, ७०० ने).
खर्च: भाडं ६,०००. लाईट ९००. पाणी ४००. गॅस ८८०. दोघांचा क्लास १,२००. दोन मोबाईल ६००. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या ७००. पास ५००. गटाचा हप्ता २,१००.
राहिले: ५,४२०.

घरात माणसं पाच. बाई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, ह्याच्यात बसवून द्या."

म्हणून हा धागा. मला खरंच बसवून द्यायचंय. कृपया "गरिबी हटली पाहिजे" छापाचे प्रतिसाद नकोत, ते मलाही सुचतात.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ११:२०

५,४२० भागिले पाच भागिले तीस. माणशी रोजचे ३६ रुपये १३ पैसे. चहा, तेल, मीठ, मिरची सगळं त्यात.

मला दुसरंच एक दिसलं. एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडलेला नियम अजून शिकवतात: उत्पन्न जितकं कमी, तितका अन्नावरच्या खर्चाचा वाटा मोठा. २०२३-२४ च्या सरकारी घरगुती खर्च पाहणीत हा वाटा खेड्यांत सुमारे ४७ टक्के आला आणि शहरांत सुमारे ४० टक्के. या बाईंचा काढा. १८,७०० पैकी ५,४२० म्हणजे २९ टक्के. नुसते टक्के बघितले तर घर सुखवस्तू वाटेल!

म्हणजे एंगेल चुकला असं नाही. मुंबईत ताटाआधी भाडं वाढलं जातं, इतकंच. भाडं थकलं की खोली जाते. डाळ थकली तर कुणी दार ठोठवायला येत नाही.

स्पष्टवक्ता | बुधवार, सकाळी ७:४५

मी बोललो की राग येतो, पण बोलतो. मोबाईलला सहाशे आहेत, गटाचे एकवीसशे आहेत आणि अंड्याला सात रुपये नाहीत? आमच्या इमारतीच्या मागच्या वस्तीतल्या प्रत्येक टपरीवर पाच-पाच रुपयांच्या खाऊच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, त्या कोण विकत घेतं? डाळ-भात-भाजी याहून स्वस्त काय असतं? आमच्या आईने एका पगारात सहा जणांना खाऊ घातलं. प्रश्न पैशाचा कमी आणि सवयींचा जास्त आहे.

पावभाजी_नको | बुधवार, सकाळी ८:०२

आला. वाटच बघत होतो.

अंगणवाडीताई | बुधवार, दुपारी २:३०

स्पष्टवक्ता, पाकिटं कोण घेतं ते मी सांगते, रोज बघते. आई सहाला घर सोडते. अकराच्या सुमारास धाकट्याला भूक लागते. घरात कोण? नऊ वर्षांची बहीण. तिने गॅस पेटवायचा नाही, तशी आईची सक्त ताकीद, आणि आईचं बरोबरच आहे. हातात पाच रुपये. पाच रुपयांत केळं येत नाही, सफरचंदाची फोड मिळत नाही. पाकीट मिळतं. त्याला गॅस लागत नाही, पाणी लागत नाही, भांडं घासावं लागत नाही, मोठं माणूस लागत नाही. पोर गप्प बसतं. मग जेवायच्या वेळी जेवत नाही. वजनाच्या दिवशी तीच आई मला विचारते, ताई, खातो तर दिवसभर, मग भरत का नाही?

आमच्याकडे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार मिळतो. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायला शिधा. तो शिधा घरातले सगळे मिळून खातात. मी रागवायचे, आता रागवत नाही. समोर दोन भुकेली पोरं असताना एकाचंच पाकीट फोडायचं, हे मला तरी जमलं नसतं.

आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल. मेतकूटताई, बाईंना एकदा बाजूला घेऊन विचारा गोळी खरंच घेतात का. गोळीने पोट धरतं. आमच्याकडे सार्वजनिक संडास, सकाळी रांग आणि मागे दहा जणी दार वाजवत उभ्या. बद्धकोष्ठ झालेल्या बाईने तिथे काय करावं? म्हणून गोळ्या पत्र्याच्या डब्यात साठतात. वर पाणीही कमी पितात, कारण कामाच्या घरी संडास वापरू देतीलच असं नाही. आता म्हणा सवयी.

मेतकूट | बुधवार, दुपारी ३:१०

ताई, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

गिरणगावकर | बुधवार, सायंकाळी ६:१५

स्पष्टवक्ता यांनी आईची आठवण काढली म्हणून लिहितो. माझ्या आईनेही एका पगारात सहा जण सांभाळले, लालबागच्या चाळीत. पण तो पगार गिरणीचा होता. पक्का, दर महिन्याचा. आणि भाडं किती? सांगितलं तर तुम्ही हसाल. त्यामुळे आईशी तुलना करताना खोलीचं भाडंही त्याच सालातलं लावा.

रेशनचं धान्य तेव्हा सगळेच खायचे. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो म्हणायचे. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. त्याच वेळी मुंबईच्या बायका मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. माझी आई एका मोर्चाला गेली होती. लाटणं पडून कडेला टवका गेला. पुढे वीस वर्षं घरच्या पोळीवर त्या टवक्याची रेघ उमटायची.

खानावळवाल्या बायकाही आठवतात. एकट्या गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालायच्या. पगार झाल्यावर पैसे, तोवर वाण्याकडून यांनी व्याजाने माल आणायचा. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर आमच्या ताटातून आधी मटण गेलं, मग मासळी आठवड्यातून एकदाच, मग दूध फक्त चहापुरतं. डाळ शेवटपर्यंत राहिली, मात्र दिवसेंदिवस पातळ होत गेली. माझ्या धाकट्या भावाची उंची आम्हा बाकीच्यांपेक्षा दोन इंच कमी आहे. तो ८१ चा. यावरून मी काही सिद्ध करत नाहीये, फक्त सांगतोय.

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:४०

रेशनवरून: या बाईंना धान्य मिळत नाही का? अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट.

अर्थात पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, पावणेसहाशे कॅलरीच्या आसपास. शहरी दारिद्र्यरेषा आखताना पूर्वी माणशी २,१०० कॅलरी धरत. पोटाला आधार होईल, पण डाळ, तेल, अंडं, भाजी त्यात नाही.

मेतकूट | बुधवार, रात्री १०:०५

विचारलं होतं. कार्ड जालन्याला, सासूच्या नावावर. सासू वारल्या. इथे नव्याने काढायचं तर शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,०००. म्हणजे महिना ४,९१७. मानखुर्दला सहा हजार भाडं भरणारं घर ४,९१७ मध्ये कसं राहील, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. खरं उत्पन्न लिहिलं तर बाद, खोटं लिहिलं तर भीती.

गावचं कार्ड इथे चालवता येतं, 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये. पण त्यासाठी आधी त्यावर यांची नावं हवीत, आधार जोडलेलं हवं आणि दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागायला हवा. बाईंनी अंगठा दाखवला मला. भांड्यांच्या पावडरीने रेषाच राहिलेल्या नाहीत, गुळगुळीत. आधार केंद्रावर तीनदा परत पाठवलं म्हणे.

अंगणवाडीताई | बुधवार, रात्री १०:३०

अवांतर: ज्यांना तांदूळ मिळतो त्या तो निवडत बसतात. त्यात हल्ली शंभराला एक असे लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले असतात. ते जरा वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. वस्तीत पसरलंय की प्लास्टिकचा तांदूळ आहे. सरकारने घातलेलं लोह बायका एकेक दाणा वेचून बाहेर टाकतात! मी माझ्या घरी त्यांच्यासमोर भात शिजवून खाल्ला तेव्हा चौघींना पटलं.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:२०

निवासी डॉक्टर आहे, आता जरा टेकलोय. दोन गोष्टी.

मेतकूट यांच्या बाई अपवाद नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. गिरणगावकरकाका, तुमच्या भावाचे दोन इंच एकटे नाहीत.

दुसरी गोष्ट, जाडी आणि भूक एकाच घरात दिसते म्हणून लोक गोंधळतात. "गरीब म्हणता, मग मधुमेह कसा?" पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आहेत. त्यांना दिसलं की आपली बाळं वजनाला कमी जन्मतात, पण त्यातही चरबी टिकवून ठेवतात, कमी पडतं ते स्नायूंचं मांस. अशा मुलाला पुढे वडापाव, बिस्किटं आणि साखरेचा चहा मिळाला की चाळिशीच्या आतच साखर वाढते.

मुंबईच्याच वस्त्यांत २००६ पासून सहा वर्षं एक प्रयोग झाला, 'सारस' नावाचा. साडेसहा हजार बायका. अर्ध्या जणींना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक खाऊ, सामोसा-वडीसारखा. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. सगळ्या बाळांचं मिळून सरासरी वजन फारसं वाढलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं, आणि गरोदरपणातला मधुमेह १२ टक्क्यांच्या जागी ७ टक्क्यांना झाला. रोजचा एक सामोसा! आपण मात्र नववा महिना लागला की लाडू घेऊन धावतो.

चुनाभट्टीकर | गुरुवार, सकाळी ११:००

चर्चा चांगली चालू आहे, पण सगळे डाळ-अंड्यापाशी का थांबलात? आमच्या घरात माझ्या आजीच्या काळी लोहाची कमी नव्हती. गरिबी होती, अपमान होता, पण चुलीवर मांस असायचं. मोठ्याचं, म्हणजे गाय-बैल-म्हशीचं मांस बाकी सगळ्यापेक्षा स्वस्त. उरलेलं वाळवून चान्या करायच्या, पावसाळ्यात काम नसलं की त्या उपयोगी पडायच्या. गाय १९७६ च्या कायद्यापासून बंद होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही बंद झाले. म्हशीचं चालतं, पण आमच्या गल्लीत भाव चढला तो चढलाच. आईने आता वजडी आणणंही सोडलं, शेजारी नाकाला पदर लावतात म्हणून.

शाळेतलं अंडं बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये माध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचे वेगळे पैसे बंद केले. आठवड्याला एक! तेवढ्यावरूनही केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. कोणी काय खावं हे ठरवणाऱ्यांच्या घरात कुणाचं हिमोग्लोबिन आठ नसतं.

स्पष्टवक्ता | गुरुवार, सकाळी ११:२५

धागा राजकारणाकडे चाललाय. शाकाहारी माणसं रक्तक्षयाने मरत नाहीत.

चुनाभट्टीकर | गुरुवार, सकाळी ११:३१

शाकाहारी माणसांच्या ताटात दूध, तूप, पनीर, काजू असतं साहेब. ते ३६ रुपयांत आणून द्या, मी उद्यापासून माळ घालतो.

वेसावकर | गुरुवार, दुपारी १:१५

भांडण नंतर करा, तक्ता राहिलाय. आमच्याकडून एक नाव लिहून घ्या: सुका जवळा, वाळवलेली अगदी बारीक कोळंबी. एका वेळेला मूठभर पुरतो. फ्रिज नको, महिनाभर डब्यात राहतो. कांद्यावर परतला की पाच मिनिटांत तयार, गॅस जळत नाही. कवचासकट खातो म्हणून चुनाही, म्हणजे कॅल्शियम, पोटात जातो. ओल्या मासळीचं म्हणाल तर पापलेट बघूच नका, मांदेली नाहीतर करली संध्याकाळी टोपली उचलायच्या वेळेला मागा. माझी आई त्या वेळेला वाटा जवळजवळ दुप्पट करते, बर्फाचा खर्च वाचतो तिचा.

लसूणचटणी | गुरुवार, दुपारी १:४०

चिकनच्या दुकानात कलेजी-पोटा विचारा. मांसाच्या निम्म्याहून कमी भाव. अळिवाची लहान पुडी मिळते, चमचाभर भिजवून गुळाबरोबर. आणि मटकी वाण्याकडून पाव किलो न घेता चौघींनी मिळून पाच किलो घेतली तर किलोमागे बरेच वाचतात. गरीब माणसाला तेल छटाकात, डाळ पावात, साखर दहाची, सगळंच महाग पडतं.

मेतकूट | गुरुवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. नवा तक्ता केला, सफरचंदाशिवाय. त्यातली मला सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट फुकटची आहे. बाईंना तिन्ही घरी चहा मिळतो. सकाळचा नाश्ता म्हणजे तोच चहा, दोन बिस्किटं. त्या लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेत होत्या, "म्हणजे उपाशीपोटी नको" म्हणून. चहाने लोह अंगी लागत नाही. महिनाभर गोळी घेऊन ८.१ चे ८.० कसे झाले याचं निम्मं उत्तर तिथेच होतं, आणि मी विचारलं होतं फक्त "घेता ना?"

आता गोळी रात्री, जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर. पोट धरलं तर एक दिवसाआड. मटकी रात्री भिजवून, मोड काढून, भाताच्याच कुकरमध्ये वरच्या डब्यात. जवळा आठवड्यातून दोनदा. रविवारी कलेजी. अंडी महिन्याला पंधरा, आणि अंडं कोणी खायचं तेही लिहून दिलंय, त्यांच्या नावाने. नाहीतर अंडं आधी नवऱ्याला, मग मुलाला, मग मुलीला. हिशेब हिशेबनीस यांनी तपासलाय, ५,४२० मध्ये बसतो. जेमतेम.

मेतकूट | चार आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री १०:२०

धागा वर आणतेय. बाई आज आल्या होत्या. ८.९.

गोळी रात्रीची चालू आहे. मटकी चालू आहे. शेजारणींनी मिळून मोठी पिशवी आणली, त्यावरून एक भांडणही झालं, पण आणली. अंडी पंधरापैकी पाच त्यांनी खाल्ली. दहा कुणी खाल्ली ते विचारलं नाही.

जवळा कमी केला. आवडीने करायच्या, पण दुसऱ्या आठवड्यात एका घरच्या बाईंनी सांगितलं, तुझ्या हाताला वास येतो, आमच्याकडे चालत नाही, देवाची भांडी घासतेस. ते घर २,८०० चं आहे. आता जवळा फक्त शनिवारी रात्री होतो, कारण रविवारी तिथे सुट्टी असते.

वेसावकर | शुक्रवार, रात्री १०:४५

लिंबाची फोड हाताला चोळायला सांगा. आमच्या आया तेच करतात, लोकलने परत येताना.

मेतकूट | शुक्रवार, रात्री १०:५०

सांगते. लिंबू दहाला एक झालंय. गोळीपुरतं निम्मं लागतं, उरलेलं निम्मं हाताला.